तिसरी हाळी

एखाद्या माणसानं मारलेली हाक तो गेल्यानंतर आपल्यापर्यंत पोचली, तर तिला ओ द्यायची की नाही?

मी हे देवळातल्या गुरवाला विचारलं. तो दिव्यात तेल घालत राहिला. शाळेतल्या सरांना विचारलं, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. दादाच्या दोस्ताला, रविराजला विचारलं तर त्यानं फोनच ठेवला. तुम्हीही लगेच काही सांगू नका. आधी ऐकून घ्या.

मी बीडला निघालो होतो ते अगदी साध्या कामासाठी. दादाचा लॅपटॉप पिशवीत होता, मांडीवर. एसटीत गर्दी नव्हती. दिवाळीनंतर आमच्या भागातल्या एसट्या रिकाम्याच धावतात, कारण माणसंच उरत नाहीत. युसूफ वडगावच्या पुढं आमची वस्ती आहे. ऊसतोडीला सगळी घरं गेली की दारांना तारा बांधतात आणि अंगणाच्या तोंडाशी बोराटीची काटेरी फांदी आडवी टाकतात; शेळ्यांमुळं आमच्याकडं ती कायमच असते. त्या साली मागं राहिलो मी, एक म्हैस, चार शेळ्या आणि समोरच्या घरातली भिवराबाई. ती माझ्या वडिलांची चुलती. तिला आता कोयता उचलत नाही.

माझी शाळा अशीच सुटली. वर्षातले सहा महिने उसाच्या फडात गेल्यावर कसली शाळा? थोरल्या दादाला मात्र बापूंनी, म्हणजे वडिलांनी, बीडला वसतिगृहात ठेवलं. परमेश्वर त्याचं नाव. तो शिकला, मोबाइलवरची ॲप बनवायला लागला. पहिलं मोठं ॲप त्यानं आपल्या ऊसतोडीच्या टोळीसाठी केलं. त्याचं नाव ठेवलं ‘हाळी’.

फडात तोडायला माणसं पहाटेच्या अंधारात उतरतात. एकजण इकडं, दुसरा पार तिकडं. कुणाला साप चावला, कुणाच्या पायावर कोयता बसला, तर त्यानं कितीही ओरडावं, उसाच्या सळसळीत आवाज बुडून जातो. दादाच्या ॲपमध्ये एक मोठं लाल बटण होतं. ते दाबून बोललं की टोळीतल्या सगळ्या फोनमधून तो आवाज मोठ्यानं निघायचा. फोन उचलायची गरजच नाही. ऐकणाऱ्याच्या फोनवर एक हिरवं बटण यायचं. त्यावर एकच अक्षर होतं, ‘ओ’. ते जो आधी दाबेल त्यालाच नकाशात दिसायचं की हाक मारणारा कुठं आहे, आणि बाकीचे फोन गप्प व्हायचे.

“फक्त त्यालाच का?” मी विचारलं होतं. ॲप त्यानं सगळ्यात आधी माझ्याच फोनवर टाकलं होतं.

“समदेच धावले तर तोडायचं कोण? जो ओ देईल त्यानंच जायचं.”

पौषात तो ते ॲप सगळ्यांच्या फोनवर टाकायला टोळीकडं गेला, कर्नाटकात. दुसऱ्याच दिवशी पहाटे, धुक्यात, फडाकडं जाताना तो पडक्या विहिरीत पडला. विहिरीला कठडा नव्हता, आत पाणी नव्हतं. नुसते दगड. धुकं निवळल्यावर तो सापडला. फोन हातात होता. काच तडकलेली, पण फोन चालू.

दहावं-तेरावं झाल्यावर आई-बापूंना परत जावं लागलं. हंगाम अर्ध्यात सोडता येत नाही. निघताना आईनं तो फोन माझ्या हातात दिला. “ह्यात त्याचा आवाज असंल तर काढून दे रं मला,” म्हणाली. मग ट्रकमध्ये चढली.

मी फोनमध्ये ‘हाळी’ उघडलं. लाल पडदा आला, थरथरला आणि बंद झाला. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. फोन आपटावासा वाटला मला. आपटला नाही, एवढंच.

तर मी बीडला गेलो.

रविराज वसतिगृहात दादाच्याच खोलीत राहिलेला. बसस्टँडच्या मागं त्याचं मोबाइलचं दुकान आहे. त्यानं फोन केबलनं लॅपटॉपला जोडला आणि बराच वेळ काळ्या पडद्यावरून पळणाऱ्या ओळी वाचत बसला.

“तीनदा दाबलंय त्यानं,” तो शेवटी म्हणाला. “दोन हाळ्या गेल्या. तिसरी पाठवताना ॲप बंद पडलं. ती आतच अडकलीय. उघडलं की ॲप ती पाठवाया बघतंय आन् मरतंय.”

“काढ की मग भाईर.”

“तशी निघत न्हाई बे. ॲप पुसून नवं टाकलं तर तीबी पुसून जाईल. दुरुस्त करून त्याच्यावरच चढवावं लागंल. आन् ते ह्याच लॅपटॉपवर बनाया पायजे. माझ्या कॉम्प्युटरवर बनवलं तर फोन घेणारच न्हाई. ह्यावर त्याची सही असती.”

पण माझं डोकं मागंच अडकलं होतं.

“दोन गेल्या म्हनलास. कुणाकडं गेल्या?”

“टोळीतल्या समद्या फोनवर.”

“मग कुणाला ऐकू कावून आल्या न्हाईत? माझा फोन तर त्या पहाटे बंद पडलेला.”

रविराजनं माझ्याकडं पाहिलं नाही. “मला काय ठाऊक,” म्हणाला.

चूक त्याला लगेच सापडली. दोन ओळी बदलल्या. आता ॲप नव्यानं बनवायचं, त्याला ते बिल्ड म्हणतात. त्यानं हिरवा त्रिकोण दाबला, आणि खाली सगळं लाल झालं.

“ह्याला कुणी हात लावलाय का?”

“कोपऱ्यात सारखं कायतरी विचारत होतं. मी हो, हो करत गेलो.”

“समदे अपडेट घेतलेस? कावून बे?”

“विचारायलंतं म्हणून.”

“उद्या म्हशीनं विचारलं तर तिलाबी हो म्हणशील.” तो हसला. दादा गेल्यापासून माझ्यासमोर कुणी हसलं नव्हतं. मलाही हसू आलं. नवं आणि जुनं एकमेकांशी जुळेना, असं त्यानं मला समजावलं. ‘जावा’ म्हणून काही असतं, ते जुनं परत बसवलं. एक लाल ओळ गेली, दुसरी आली. ती गेली, तिसरी आली. ती वाचून तो थांबला.

“काय म्हणतंय?”

“म्हणतंय... ह्या फायली दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवल्यात. त्याचं काम चालू हाय. त्याचं झालं की मग.”

“कोण दुसरं?”

“कुणी नसतंय बे. आधीचं काम आत अर्धवट राहिलेलं असतंय. बंद करून चालू केलं की जातंय.”

त्यानं बंद करून चालू केलं. तेच आलं. आत चालू असलेलं सगळं एकेक करून मारून टाकलं. तेच आलं. मग त्यानं बटणांवरचा हात एकदम उचलला आणि पँटला पुसला. मी वाकून पाहिलं. बटणांवर ओल होती, पहाटे पत्र्यावर असते तशी. दुकानात डाग द्यायच्या धातूचा वास असतो. त्या वासाखालून दुसरा वास वर येत होता. भिजलेल्या पाचटाचा, उसाच्या वाळक्या पाल्याचा. फडात जन्म काढलेल्या माणसाला तो वास चुकत नाही.

रविराजनं झाकण लावलं. “घरी ने. तो जिथं बसायचा तिथंच ठेव.”

“आन् मग?”

“मग सांगतो फोनवर,” तो म्हणाला. पण तो माझ्याकडं नाही, पिशवीकडं बघत होता.

दादाची जागा खिडकीखाली. पत्र्याची पेटी हेच त्याचं टेबल, समोर लाकडी स्टूल. सकाळी शेळ्या बांधून मी तिथं बसलो. बाहेर पांढरं ऊन होतं. वस्ती रिकामी असली की दिवसाची शांतता रात्रीहून वाईट असते. रात्री निदान किडे ओरडतात. दुपारी वाऱ्यानं कुणाच्या तरी दाराची तार पत्र्यावर घासते, थांबते, पुन्हा घासते.

रविराजला फोन लावून मी लाल ओळ वाचायला लागलो.

“एस... डी... के. मग लोकेशन. मग नॉट... फाउंड.”

“वाचता येतंय की बे तुला! त्याला त्याचं सामान कुठं ठेवलंय ते सापडंना. मी सांगतो ते लिही.”

मी लिहिलं. चुकलं. पुन्हा लिहिलं. तिरकी रेघ कुठल्या बाजूला तिरकी, तेच कळेना. लाल. पुन्हा लाल. मी रविराजला शिवी दिली, लॅपटॉपचं झाकण आपटलं आणि म्हशीला पाणी दाखवायला गेलो.

परत आलो तर झाकण उघडं होतं.

ती ओळ गेली होती. तिथं बरोबर, सुबक लिहिलेलं होतं आणि खाली आता वेगळीच लाल ओळ होती. मला वाटलं, रविराजनंच लांबून केलं असणार, ते लोक करतात तसं. फोन लावला.

“तू केलंस का?”

“काय? मी तर तलवाड्याला चाललोय, सासुरवाडीला. मोटरसायकलवर हाय.” वाऱ्याचा आवाज थांबला. त्यानं गाडी बाजूला घेतली असावी. “सोम्या... काय झालं?”

“एक लाल ओळ गेली.”

“तू लिवलीस?”

“मी म्हशीकडं होतो.”

त्यानं गाडीचं इंजिन बंद केलं. मग अगदी हळू म्हणाला, “तू उठ तिथनं. स्टूल मोकळं सोड. भाईर जाऊन बस.”

मी ओट्यावर येऊन बसलो, दाराकडं पाठ करून.

आधी पंख्याचा आवाज आला. लॅपटॉपच्या पोटातला तो बारीक पंखा. एरवी तो गुणगुणतो. आता तो धापा टाकत होता. दमलेला माणूस ओढतो तसा श्वास आत, मग थांबणं, मग बाहेर. त्यानंतर बटणं वाजायला लागली. टकटक, टकटक, भराभर, आणि मग मोठा खंड. दादाची हीच तऱ्हा होती. सुचलं की धावायचा, अडलं की हनुवटी हातावर टेकवून गप्प बसायचा. भीती वाटायला हवी होती. मला रडू आलं. तो आत बसलाय, जेवायची वेळ झाली तरी उठत नाही, आई चिडणार, असंच वाटलं क्षणभर.

आवाज थांबला की मी आत जायचो, हिरवा त्रिकोण दाबायचो. पट्टी पुढं सरकायची, अडायची, लाल व्हायची. मी पुन्हा बाहेर. दर वेळी लाल कमी. दर वेळी स्टुलाखालची जमीन जास्त ओली. एकदा स्टुलावर उसाचं पान पडलेलं दिसलं, हिरवट, ताजं. आमच्या शिवारात त्या साली कुणाचाच ऊस नव्हता.

समोर भिवराबाई तिच्या दारात बसली होती, वाटेवर पाय पसरून.

“आत कोण हाय रं?”

“कुणी न्हाई, आज्जी.”

“मग तू भाईर कावून बसलास?”

ती मान हलवत म्हणाली, “आला असंल तर भाकर वाढ त्याला. उपाशी गेलाय.”

तरी उठून पळून जावं असं वाटलं नाही. आईला त्याचा आवाज द्यायचा होता. शेवटची लाल ओळ राहिली तेव्हा मी बापूंना फोन केला. हाळी सगळ्या फोनवर वाजणार होती. त्यांनी फोन जवळ ठेवावा, आईला ऐकवावा, एवढंच सांगायचं होतं.

मी सगळं सांगितलं.

“बापू? ऐकायलाव ना?”

“नको करूस ते.”

“कावून? आईनंच सांगितलंय मला.”

“सोमा...” मागं कोयत्यांचे आवाज येत होते. ते चालत चालत लांब गेले असावेत, कारण ते आवाज कमी झाले. “आमाला आलती ऐकू.”

मला आधी कळलंच नाही.

“अंधार हुता. धुकं. समद्यांचे फोन एकाच गठुड्यात बांधून बांधावर ठिवलेले. आमाला वाटलं उसातनंच आली. ‘बापू’ म्हनून. तुजी आई लगेच उठली. मी तिचा हात धरला. अंधारात कुणी नाव घिऊन हाक मारली, तर तिसरी आल्याबिगर ओ देत न्हाईत, सोमा. ज्याला देह न्हाई ते दोनदाच हाक मारतंय. तिसरी माणसाचीच असती. माज्या बापानं मला तेच शिकिवलं, मी तुमाला तेच शिकिवलं. दुसरीबी आली, ‘बापू’. आमी समदे कोयते टेकवून हुबे राहिलो, तिसरीची वाट बघत...”

“आन्?”

“न्हाई आली.”

माझ्या कानात काही तरी फुटलं. मी ओरडलो असेन, कारण शेळ्या दावं ताणून उभ्या राहिल्या. दादाला हे ठाऊक होतं. त्याच घरात वाढलेला तो. म्हणून तर त्यानं विहिरीच्या तळातून तीनदा दाबलं. दोनदा दाबून भागणार नाही, तिसरीशिवाय आपला बाप येणार नाही, हे त्याला माहीत होतं.

“आता जर तिसरी आली,” बापू म्हणाले, आणि त्यांचा आवाज म्हाताऱ्या बाईसारखा झाला, “तर आमी ती कुणाची समजायची?”

मी ओट्यावरून उठलो. आणि तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, की आतली बटणं थांबली आहेत.

मी फोन कानाला लावूनच आत गेलो. पडदा हिरवा झाला होता. त्रिकोण मी दाबला नव्हता. ‘बिल्ड सक्सेसफुल’ एवढं इंग्रजी आता मलाही वाचता येत होतं. केबलच्या दुसऱ्या टोकाला पेटीवर दादाचा फोन पडला होता, तो एकदम उजळला. तडकलेल्या काचेखाली लाल पडदा आला. या वेळी तो थरथरला नाही. बंद झाला नाही. त्यावर लिहिलं होतं, ‘पाठवत आहे’.

“बापू, ती चाललीय.”

“बंद कर ते! सोमा, बंद—”

मग झटापटीचा आवाज आणि आईचा श्वास. तिनं फोन हिसकावून घेतला होता.

“यिऊ दे, सोमा. माज्या लेकराची हाय. मी देती ओ.”

माझ्या फोनमधून दादाचा आवाज निघाला.

“आई...”

तोच आवाज घडीभरानं पलीकडच्या टोळीतल्या फोनांमधून उठला, आणि तिकडून माझ्या कानात परत आला. कितीतरी फोन, मागंपुढं. जणू अख्खा फड आईला हाक मारत होता. हाकेत ओरडणं नव्हतं. दारात उभा राहून तो पाणी मागायचा, तसंच साधं. त्यामागं दगडावरून काही तरी घसरल्याचा आवाज होता.

“आई... ओ दे ना गं.”

“कोणचं दाबू? अवं, कोणचं दाबू सांगा मला, हिरवं का?” आई तिकडं कुणाला तरी विचारत होती. बापू नको नको म्हणत होते.

जो ओ देईल त्यानंच जायचं. दादाचे शब्द होते ते. आईला जाऊ द्यायचं नव्हतं; दुसरा काही विचार मी केला नाही. विचार करून मी कधीच काही केलेलं नाही. मी माझ्या फोनवरचं हिरवं बटण दाबलं.

सगळे फोन एकदम गप्प झाले.

“बंद कसं पडलं?” आई म्हणाली. “कुणी दिली ओ? सोमा, तू दिलीस? कुटं हाय त्यो? तुला दिसत असंल नव्हं? कुटं दाखवतंय, सांग, मी जाती...”

माझ्या फोनवर नकाशा उघडला होता. मी आधी विहिरीची जागा शोधली. तिथं काहीच नव्हतं. मग नकाशा आपोआप सरकत सरकत आमच्या भागात आला. युसूफ वडगाव आलं. तिथून निघणारा आमचा कच्चा रस्ता आला. त्या रस्त्यावर लाल ठिपका होता.

दादाचा फोन माझ्या डोळ्यांसमोर पेटीवर होता, केबलला बांधलेला. ठिपका मात्र चालत होता. दमलेला माणूस चालतो तेवढ्याच चालीनं. ओढ्यापाशी थोडा थांबला, जणू चप्पल हातात घेत असावा, आणि मग अलीकडं आला. वस्तीत शिरला. बंद घरांवरून पुढं आला.

मी खिडकीतून पाहिलं. पांढरं ऊन, रिकामी वाट. भिवराबाईनं पसरलेले पाय जवळ घेतले, कुणाला तरी वाट द्यावी तसे, आणि वर बघून हसली.

“सोमा,” आई रडत होती, “बोल की रं. कुटं हाय माजं लेकरू?”

आमच्या अंगणातली बोराटीची फांदी ओढल्याचा आवाज झाला.

मी आवाज सरळ ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा, अगदी सावकाश, शब्द जोडून बोललो.

“विहिरीपाशीच हाय, आई. जागचा हललेला न्हाई. शांत झोपलाय. तुमी आता त्याची वाट बघू नका.”